जसं घेतलं तसं परत

त्या पहिल्या भाड्याच्या घराचा विषय अजूनही निघतो. जपूनरावांच्या बायकोनं चहा हातात दिला आणि त्या दिवशी घाई नसली, की कुठून तरी निघतोच. मग जपूनराव म्हणतात, "काय तो करार होता!" आणि त्यांची बायको म्हणते, "काय ती खिडकी होती!" एकाच घरात राहिलेल्या दोन माणसांच्या आठवणी इतक्या वेगळ्या कशा, याचं नवल ऐकणाऱ्याला वाटतं, त्या दोघांना कधी वाटलेलं नाही.

जपूनराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते शहराच्या बससेवेत कारकून होते, आणि तेही प्रवासी विसरून जातात त्या सामानाच्या खात्यात. छत्र्या, डबे, चष्मे, जोडीतली एकच चप्पल, एकदा तर चक्क कवळी, असं काय वाटेल ते त्यांच्या खिडकीत यायचं. ते प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायचे, फळीवर ठेवायचे आणि मालक येईपर्यंत पोटच्या पोरासारखी सांभाळायचे. मालक आला की वस्तू जशी आली तशी त्याच्या हातात. छत्रीची काडी मोडकी आली असेल तर मोडकीच परत; दुरुस्त करून देणंही जपूनरावांच्या नियमात बसत नसे. कुणी फळीजवळ नुसतं गेलं तरी मागून हाक यायची, "जपून!" खात्यातल्या मंडळींनी तिला 'राव' जोडून टाकलं, आणि पगारपत्रक सोडलं तर सगळीकडे तेच नाव चालू झालं.

लग्न होऊन बरेच महिने झाले तरी नवरा-बायको थोरल्या भावाच्या घरी, बैठकीच्या खोलीत पडदा लावून राहत होती. भाऊ-वहिनी प्रेमळ होती. इतकी, की पडद्याच्या अलीकडे काय बोलणं चाललंय याचीही काळजी घेत. जपूनरावांची बायको बालवाडीत शिकवायची. तिनं लग्नाआधीपासून साठवलेले पैसे होते. ते पैसे अनामत म्हणून भरायचे आणि आपलं वेगळं घर करायचं, असं तिनं ठरवलं आणि नवऱ्याला नंतर कळवलं. घरही तिनंच बघून ठेवलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आणि खिडकीतून झाड दिसायचं.

घरं भाड्यानं देणाऱ्या एजन्सीच्या काचेच्या दारातून ही दोघं आत शिरली, तेव्हा काउंटरमागच्या टायवाल्या तरुणानं "बसा" म्हणण्याआधी नोंदणी शुल्काची पावती फाडली.

"हे झालं नोंदणीचं," तो म्हणाला. "आता चौकशी शुल्क."

"कसली चौकशी?" जपूनरावांनी विचारलं.

"तुमची. माणूस कसा आहे, भाडं वेळेवर देतो का, भांडखोर आहे का."

"मग ते मीच सांगतो की. फुकट."

"तुम्ही सांगून कसं चालेल? तुम्ही चांगलंच सांगणार."

आपल्या चारित्र्याची चौकशी आपल्याच पैशानं, तीही आपल्या डोळ्यांदेखत होते आहे, याचं जपूनरावांना फार लागलं. आयुष्यात त्यांनी कुणाची कवळीसुद्धा परत केली होती. पण बायकोनं टेबलाखालून पाय दाबला, म्हणून ते गप्प बसले. चौकशीनंतर करारनाम्याचं शुल्क आलं, मग चावी देण्याचं शुल्क आलं, आणि शेवटी प्रशासकीय शुल्क आलं.

"प्रशासकीय म्हणजे?"

"म्हणजे ही वरची सगळी शुल्कं घ्यावी लागतात ना, त्याचं," तरुण म्हणाला. तो थट्टा करत नव्हता. त्या टायमध्ये थट्टा करण्याइतकी जागाच नव्हती.

मग त्यानं करार पुढं सरकवला, सहीच्या जागी बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं पुढच्या गिऱ्हाइकाला बोलावलं. जपूनराव म्हणाले, "वाचून करतो." तरुणाचं बोट तिथंच राहिलं. एजन्सीच्या इतिहासात करार वाचणारा माणूस बहुधा पहिल्यांदाच आला होता, कारण आतल्या खोलीतली मंडळी एकेक करून बाहेर येऊन त्यांना बघून गेली. भिंतीकडेच्या बाकावर बसून त्यांनी पहिल्या कलमापासून सुरुवात केली. मंडळींनी त्यांच्याभोवती डबे खाल्ले, झाडणाऱ्या बाईनं त्यांना दोनदा पाय वर घ्यायला लावले, आणि एका कलमाशी ते अडले.

"हे 'नैसर्गिक झीज वगळता' म्हणजे काय हो?"

"म्हणजे घरात राहिल्यामुळं जी झीज होते ती. तिचे पैसे आम्ही कापत नाही," तरुण म्हणाला.

"आणि 'नुकसान' म्हणजे?"

"ते राहणाऱ्यामुळं होतं. त्याचे कापतो."

"पण राहणाऱ्यानंच तर राहायचं ना?"

"साहेब," तरुण थकून म्हणाला, "एवढा विचार करून कुणी घर घेत नाही."

पण त्याच पानाच्या खाली एक कलम असं होतं की ते वाचून जपूनरावांचा चेहरा फुलला. 'भाडेकरूने घर जसे घेतले तसे परत करावे.' बाकीची कलमं परक्याची होती. हे घरचं होतं. हे तर त्यांच्या खात्याचंच काम! कुणाची तरी वस्तू आपल्याकडे यायची, सांभाळायची, आणि जशीच्या तशी परत द्यायची. त्यांनी पेन मागितलं आणि हसत हसत सही केली. बायकोनं पर्समधून अनामतीचे पैसे काढून दिले. देताना तिचा हात क्षणभर थांबला, तो जपूनरावांना दिसला.

जिना उतरताना ते म्हणाले, "हे बघ. तुझे पैसे आहेत हे. त्यातला एक पैसा मी त्यांना कापू देणार नाही. घेतले तसे तुझ्या हातात परत आणून ठेवीन."

"बरं," ती म्हणाली. ती तेव्हा पडद्यांच्या रंगाचा विचार करत होती. पण त्यांनी हे किती मनापासून म्हटलंय हे तिच्या लक्षात आलं असतं, तर तिनं तिथंच, त्या जिन्यात, त्यांचा हात धरून त्यांना थांबवलं असतं. हे ती स्वतःच सांगते.

घर खरंच छान होतं. चुना नुकताच दिलेला, फरशी थंडगार, आणि सकाळी झाडाची सावली खोलीभर हलायची. पहिल्या दिवशी ती दोघं रिकाम्या खोलीत नुसती फिरत राहिली. आपलं दार आतून लावून घेणं हे काय सुख असतं, ते पडद्यामागं राहिलेल्यालाच कळेल. तिनं कडी लावली, काढली, पुन्हा लावली. जपूनराव म्हणाले, "कडीचा स्क्रू सैल होईल."

त्या संध्याकाळी समोरच्या दारातले काका आले. त्यांना सगळी इमारत 'अनुभवी काका' म्हणायची, कारण त्यांचा सगळा जन्म भाड्याच्या घरांत गेला होता आणि एकाही घराची अनामत त्यांना पुरती परत मिळालेली नव्हती. हे ते अभिमानानं सांगत, जुने सैनिक जखमा दाखवतात तसे.

"अनामत?" काका म्हणाले. "ती विसरा. ती द्यायची आणि तिची आठवण काढत राहायचं. माझी एक अनामत आमच्या पोपटानं खाल्ली."

"पोपटानं?"

"दाराची चौकट कुरतडली. एक गेली फोडणीत. स्वयंपाकघराची भिंत पिवळी पडली म्हणाले. आणि एक, तुम्हाला खोटं वाटेल, उन्हात गेली."

"उन्हात कशी जाईल?"

"खिडकीतून ऊन यायचं. त्यानं फरशीचा तेवढा चौकोन फिका पडला. म्हणाले, पडदा का नाही ओढलात? ऊन त्यांच्या मालकाचंही नव्हतं आणि माझंही नव्हतं, पण पैसे माझे गेले."

काका चहा पिऊन गेले. जपूनरावांनी उठून खिडकीचा पडदा ओढून घेतला.

इथून पुढं जे झालं त्याचा दोष कुणाला द्यावा हे आजही त्या घरात ठरलेलं नाही. जपूनरावांनी खात्यातून दोरा आणि चिठ्ठ्या आणल्या, स्वतःच्या पैशानं विकत घेऊन, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं. नळाला, कडीला, दिव्याच्या बटणांना, खिडकीच्या आकड्याला, सगळ्यांना चिठ्ठ्या बांधल्या. 'नळ, स्वयंपाकघर. चालू. मुठीवर जुना ओरखडा.' बायको दिवा लावायला जायची तर आधी चिठ्ठी हातात यायची. पलंगाच्या पायांनी फरशीला चरे पडू नयेत म्हणून त्यांनी पायांना आपले मोजे घातले. पलंगाला माणसाच्या दुप्पट मोजे लागतात, हा हिशेब त्यांनी आधी केला नव्हता, त्यामुळं काही दिवस ते अनवाणी पायांत बूट घालून कामावर जात होते. खुर्च्या आणायच्याच नाहीत असं ठरलं, कारण खुर्ची माणूस बसताना सरकवतोच. भिंतीत खिळा मारायचा नाही, हे तर करारातच होतं. बायकोचा आरसा म्हणून जमिनीवर ठेवला गेला, आणि ती वेणी घालायला त्याच्यासमोर मांडी घालून बसू लागली.

तळण बंद झालं. फोडणी द्यायची असली की आधी जपूनरावांना हाक मारायची. ते वर्तमानपत्र घेऊन यायचे आणि धूर दाराबाहेर जाईपर्यंत वारा घालत उभे राहायचे. त्या वर्षात बातम्या वाचायच्या राहिल्या त्या राहिल्याच. आणि खिशात सदा एक फडकं. ती चालली की मागून ते पुसत यायचे, आणि ते पुसताना ती मागं वळून बघायची, आधी हसून, मग नुसतीच.

आणि मग नळ गळायला लागला.

दुसऱ्या एखाद्यानं वायसर आणून बसवला असता. पण करारात कलम होतं, गळती आढळताच एजन्सीस कळवावे. जपूनरावांनी कळवलं. एजन्सीनं तक्रार नोंदवण्याचं शुल्क घेतलं आणि बऱ्याच दिवसांनी प्लंबर पाठवला. प्लंबरनं नळ बघितला, चिठ्ठी वाचली, हसला, आणि पाना असा काही फिरवला की नळामागची टाइल तडकली. फिकट हिरवी, कडेला पांढरी वेल असलेली टाइल. नळ मात्र थांबला.

"हे तुमच्या माणसानं केलंय," जपूनराव एजन्सीत जाऊन म्हणाले.

"बरोबर," टायवाला म्हणाला. "पण घर तुमच्या ताब्यात असताना केलंय."

"मग?"

"मग टाइल बदलून घ्या. पण आधी दुरुस्तीची परवानगी काढा. तिचं शुल्क आहे."

परवानगी आली. टाइल येईना. ती जात म्हणे कधीच बंद झाली होती. जपूनराव फडक्यात टाइलचा तुकडा गुंडाळून शहरातली दुकानं हिंडले. दुकानदारांनी तुकडा उजेडात धरला, उसासे टाकले, "पूर्वी माल काय यायचा!" म्हणाले आणि दुसरंच काहीतरी दाखवलं. महिनाभरात जपूनरावांना जुन्या टाइल्सबद्दल इतकं कळायला लागलं की गिऱ्हाइकं चुकून त्यांनाच भाव विचारू लागली. आणि एक दिवस ती टाइल त्यांना सापडली. त्यांच्याच कार्यालयात, पुरुषांच्या स्वच्छतागृहात, भिंतभर. रोज बघत होते आणि दिसली नव्हती.

खिशातला तुकडा काढून, भिंतीला गाल लावून ते वेल जुळते का बघत होते, एवढ्यात खात्याचे साहेब आत आले. साहेबांनी आपल्या सगळ्यात प्रामाणिक कारकुनाला मुतारीच्या भिंतीला गाल लावून डोळे किलकिले करताना पाहिलं. ते आल्या पावली परत गेले. दुसऱ्या दिवसापासून ते जपूनरावांशी फार मायेनं बोलू लागले, मध्येच "झोप लागते ना?" असं विचारू लागले, आणि हा मायेचा अपमान जपूनरावांना एखाद्या मेमोपेक्षा जास्त झोंबला.

शेवटी अक्कल चालवली ती बायकोनं. "अहो, ओट्याखाली बघा," ती म्हणाली. ओट्याखाली, अंधारात, त्याच टाइल्स होत्या. तिथली एक काढून वर बसवली, वरची तडकलेली खाली बसवली. "पण करारासोबतच्या यादीत ओट्याखालची..." असं काहीतरी जपूनराव बोलायला लागले होते, तिनं नुसतं बघितलं, आणि ते वाक्य तिथंच राहिलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण सासरे आले.

मुलीचं घर बघायला बिचारे किती लांबून आले होते. जपूनरावांनी तयारी चांगली केली होती. पाहुण्यांच्या मुक्कामाला एजन्सीची परवानगी लागते, म्हणून ती आधीच काढून, घडी घालून खिशात ठेवली होती. सासऱ्यांनी दारात पाय ठेवला आणि जपूनरावांनी वाकून नमस्कार केला. आणि वाकलेलेच आहोत तर म्हणून त्यांच्या पायांत मोजे चढवले.

सासरे भले माणूस. त्यांनी दिव्याचं बटण दाबायला हात नेला, चिठ्ठी वाचली, हात मागं घेतला. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, जावई म्हणाले, "जपून!" त्यांनी पडदा सारून बाहेर बघायला सुरुवात केली, जावई म्हणाले, "ऊन..." मग ते जमिनीवर बसले, आणि त्यांना पाठ टेकायची होती हे उघड दिसत होतं, पण ते खोलीच्या मधोमध, कशालाही न टेकता, ताठ बसून राहिले. जेवण झाल्यावर जपूनरावांनी सहज म्हणून परवानगीचा कागद दाखवला. म्हणजे मुक्काम नियमात आहे, काळजी नको, एवढंच त्यांना सुचवायचं होतं.

सासऱ्यांनी चष्मा लावून कागद वाचला. "म्हणजे मी माझ्या मुलीकडे आलोय की त्या एजन्सीकडे?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते परत गेले. मोजे त्यांनी नीट घडी करून उंबऱ्यात ठेवले होते.

त्यांना पोचवून आल्यावर बायको म्हणाली, "हे घर आहे की तुमचं ते खातं?"

"तुझ्याच पैशांसाठी करतोय ना मी हे."

"ते पैसे मी कशासाठी दिले होते? भावजींच्या घरातून इथं यायला. आपलं घर करायला. तुम्ही ते पैसे परत आणायच्या नादात मला घरच देईनात." "मला इथं राहायचंय हो. एकदा तरी राहू द्या."

आपण बायकोची सगळ्यात मोलाची वस्तू डोळ्यांत तेल घालून सांभाळतोय असं जपूनरावांना इतके दिवस वाटत होतं. ती आपल्याकडे वेगळंच काही मागत होती, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि त्यांना खूप वाईट वाटलं. ते उठले, पडदा सारला. मग एकेक करून चिठ्ठ्या सोडल्या. पलंगाचे मोजे मात्र राहिले. माणूस एकदम तर बदलत नाही.

त्यानंतरचे दिवस, दोघांनाही विचारा, फार सुखाचे गेले. वहिनी येऊन राहून गेल्या, बालवाडीतली पोरं एकदा झाड बघायला आली, तळणही झालं. फक्त फडकं काही सुटलं नाही. सांडलं ते त्याच क्षणी पुसलं, उमटलं ते त्याच क्षणी घासलं. आता ती चिडत नसे. फडकं धुऊन वाळत घालायचं कामही तिनं आपल्याकडे घेतलं होतं, आणि पुढं पुढं तर त्यांना ते पुसताना बघून तिला त्यांची मायाच वाटायची.

मग बससेवेच्या कर्मचारी वसाहतीत जपूनरावांना मोठं घर मिळालं. वेळेवर मिळालं, कारण बायकोला दिवस गेले होते. सामान गाडीत भरून झालं आणि ती दोघं रिकाम्या खोलीत एजन्सीच्या तपासनिसाची वाट बघत उभी राहिली. अनुभवी काका दारात येऊन थांबले होते. असा सोहळा ते चुकवणं शक्य नव्हतं.

तपासनीस जाडजूड होता आणि त्याच्याकडे टॉर्च होता. त्यानं भिंती बघितल्या, फरशी बघितली, वाकून नळ बघितला. ओट्याखाली टॉर्च गेला तेव्हा जपूनरावांनी डोळे मिटून घेतले, पण तिथं वाकायला तपासनिसाचं पोट तयार नव्हतं. तो दोन्ही खोल्या फिरून आला, कागद बघितला, पुन्हा एकदा फिरून आला. त्याला काही सापडत नव्हतं. काकांचा चेहरा उतरत चालला होता.

"कमाल आहे," शेवटी तपासनीस म्हणाला. "इतकी वर्षं हे काम करतोय, पण असं घर नाही बघितलं. खरं सांगू का? इथं कुणी राहत होतं असं वाटतच नाही."

जपूनरावांची छाती फुगली. एवढ्या वर्षांत कुणी त्यांचं इतकं कौतुक केलं नव्हतं. त्यांनी मोठ्या ऐटीत बायकोकडे बघितलं, आणि त्यांची छाती होती तिथं आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"राहत होतो," ती तपासनिसाला म्हणाली. "आम्ही राहत होतो इथं."

"हो, हो, तसं नव्हे..."

"नीट बघा ना. इथं माझं पहिल्याच आठवड्यात दूध उतू गेलं होतं. इथं डाळीचा कुकर उडाला होता, वरपर्यंत. ह्या कोपऱ्यात पोरांनी खडू ओढले होते." ती भराभर चालत एकेक जागा दाखवत होती, आणि प्रत्येक जागा लखलखीत होती. मग ती जपूनरावांकडे वळली. "तुम्ही सगळंच पुसलंत हो," ती म्हणाली. रागानं नव्हे. ते ऐकून जपूनरावांना वाटलं, रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

त्यांनी तपासनिसाच्या हातातला टॉर्च घेतला आणि ते स्वतः शोधायला लागले. गुडघ्यांवर बसून फरशी बघितली, चौकटी बघितल्या, कोपरे बघितले. जन्मभर हरवलेल्या वस्तूंचे मालक शोधणारा तो माणूस त्या दिवशी स्वतःचं हरवलेलं शोधत होता, आणि मिळत नव्हतं. तपासनीस "अहो, राहू द्या की" म्हणत होता. काकांना काय चाललंय ते समजेना. अनामत परत मिळत असताना डाग शोधणारा भाडेकरू त्यांच्या अनुभवात नव्हता.

आणि मग खिडकीसमोरच्या भिंतीशी जपूनराव थांबले. दुपारचं ऊन तिरपं त्या भिंतीवर येत होतं, आणि त्यात जमिनीपासून दीड-दोन हात वर भिंत दोन ठिकाणी किंचित काळवंडलेली दिसत होती. दोन गोल. शेजारी शेजारी. एक जरा वर, एक जरा खाली, आणि खालचा वरच्याकडे थोडा सरकलेला.

त्यांनी बोट लावलं. तेलकट होतं.

चिठ्ठ्या सोडल्या त्या दिवसापासून रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर चहाचे कप घेऊन ती दोघं तिथंच बसत, भिंतीला पाठ आणि डोकं टेकून, झाडावरचा उजेड जाईपर्यंत. बसलेली असताना डाग डोक्यांमागं असायचा, आणि उठेपर्यंत अंधार पडलेला असायचा. म्हणून त्या फडक्याच्या तावडीतून तेवढा सुटला होता.

बायको येऊन शेजारी उभी राहिली. तिला सांगावं लागलं नाही. तिनं तोंडावर पदर धरला, आणि ती हसते आहे की रडते आहे ते जपूनरावांना कळेना.

तपासनिसानं जवळ येऊन बघितलं आणि त्याला हायसं वाटलं. "हां. हे मात्र आहे. याला सगळ्या भिंतीला रंग द्यावा लागणार. कापावे लागतील." मग तो जरा थांबला. माणूस वाईट नव्हता. "तसं मी अजून लिहिलेलं नाही. खाली जाऊन येतो, तोवर तुम्ही काही केलंत तर मी बघायला नाही."

"पुसा!" काका दारातून ओरडले. "अहो, कोमट पाणी आणि साबण! एका हातानं जाईल! तुम्ही काय बघत बसलात?"

फडकं जपूनरावांच्या खिशात होतं. हात सवयीनं तिकडे गेला होता. ते बायकोकडे बघून म्हणाले, "तुझे पैसे आहेत."

"हो ना, माझेच आहेत," ती म्हणाली. "कापा म्हणावं त्यांना."

"कापा," जपूनराव म्हणाले.

काकांनी कपाळावर हात मारून घेतला आणि ते आपल्या घरात निघून गेले. तपासनिसानं खांदे उडवले, कागद भिंतीला लावून लिहायला घेतलं. 'भिंत, बाहेरची खोली. डाग, दोन.' मग त्याचं पेन थांबलं.

"इथं कारण लिहावं लागतं," तो म्हणाला. "काय लिहू?"

जपूनरावांनी घसा साफ केला. "लिहा," ते म्हणाले, "इथं दोघं जण बसत होते."

"संध्याकाळी," बायको म्हणाली. "तेही लिहा."

तपासनिसानं तेही लिहिलं आणि सहीसाठी कागद पुढं केला. या वेळी तो न वाचता दोघांनी सही केली.